देवाने दाखवलेली वाट ओळखायची कशी?



एरवी या पानावर आपण वाळवणं, मुलांचा अभ्यास, पाहुणेरावळे आणि महिनाअखेरची ओढाताण यांविषयी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतेय. निमित्त एका पत्राचं. पत्र रोह्याच्या बाजूचं आहे. लिहिणाऱ्या ताईंनी नाव छापू नका असं बजावलंय, तेव्हा ते राहू द्या. मजकूर मात्र थोडक्यात सांगते, कारण असा प्रसंग तुमच्या-माझ्या कुणाच्याही दारात येऊन उभा राहू शकतो.

ताईंच्या यजमानांची कारखान्यातली नोकरी सहा महिन्यांपूर्वी सुटली. घर लहानसं, पण स्वतःचं आहे. थोरली मुलगी यंदा दहावीला. घराणं ख्रिस्ती, सगळी देवभीरू माणसं. अडचणीच्या दिवसांत घरी प्रार्थनेला एक गृहस्थ येऊ लागले. सुरुवातीला त्यांच्या येण्याने धीर वाटायचा, असं ताई प्रामाणिकपणे लिहितात. मग एका संध्याकाळी ते गृहस्थ म्हणाले, "प्रभूने मला तुमच्याविषयी दाखवलंय. हे घर विका, पुण्याकडे चला, आलेल्या पैशातला दहावा हिस्सा माझ्या सेवाकार्याला द्या. पुढचं प्रभू पाहून घेईल." यजमान विरघळले. ताईंनी मुलीच्या परीक्षेचं नाव काढलं, तर गृहस्थ हसून म्हणाले, "बहिणीचा विश्वास कमी पडतोय." तेव्हापासून घरात रोज तोच विषय. ताई विचारतात, माझ्या मनात शंका येते म्हणजे माझा देवावर भरवसा नाही का? आणि देव वाट दाखवतो म्हणतात, ती ओळखायची तरी कशी?

मी स्वतः ख्रिस्ती घरातली. माहेर नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला नगरच येतं), लग्न होऊन पेणला आले. आठवड्यातले चार दिवस रोह्याला शाळेत मराठी शिकवायला जाते. आमच्या घराच्या मागे गणपतीचा कारखाना आहे. वर्षातले बरेच महिने रंगाचा वास आमच्या स्वयंपाकघरात असतो. चतुर्थीला त्यांच्याकडून मोदक येतात, नाताळात माझ्याकडून करंज्या जातात. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की हा प्रश्न फक्त ख्रिस्ती बायकांचा आहे असं समजून तुम्ही पान उलटू नये. "देवाने मला सांगितलं" म्हणणारी माणसं कुठल्या धर्मात नाहीत? आणि ते ऐकून पहिल्यांदा घरातल्या बाईलाच गप्प बसवलं जातं, तेही सगळीकडे सारखंच.

तेव्हा ताई, आधी घराचं पाहू, मग देवाचं. चुलीवर दूध उतू जात असताना प्रवचन करू नये.

मुलीचा निकाल लागेपर्यंत घराचा विषय बंद, असं यजमानांना शांतपणे सांगा. भांडून नको. त्यांची नोकरी गेलीय, मनाने ते खचलेले आहेत, आणि खचलेल्या माणसाला कुणी तरी ठामपणे काही सांगितलं की बरं वाटतं. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. पण देवाचं सांगणं असेल तर ते जूनपर्यंत शिळं होत नाही. ते काही घावनाचं पीठ नव्हे, की आज नाही घातलं तर आंबेल. घाई नेहमी माणसाला असते. घराचे कागद कुणाच्या नावावर आहेत ते एकदा काढून पाहा. वाचल्याशिवाय आणि जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, "प्रार्थनापत्र आहे" म्हणाले तरी नाही. आणि त्या गृहस्थांना यजमानांच्या देखत एकच प्रश्न विचारा: "दादा, तुमच्या कार्याला यातला एक पैसाही मिळणार नसेल, तरी आम्ही घर विकावं असंच प्रभूचं म्हणणं राहील ना?" विचारा आणि त्यांच्या तोंडाकडे पाहा. उत्तर शब्दांत येईलच असं नाही.

शिवाय तुमच्या मंडळीत पाळक आहेत, जुनी जाणती माणसं आहेत. त्यांच्या कानावर हे घाला. अशा बाबतींत एकट्यादुकट्याच्या दर्शनावर जाऊ नये, वडीलधाऱ्यांनी मिळून ते पारखावं, ही रीत आमच्या मंडळ्यांत फार जुनी आहे. नव्या करारातही संदेश सांगणाऱ्याचं बोलणं बाकीच्यांनी पारखावं असंच सांगितलंय. म्हणजे पारखणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. ते करायचंच काम आहे. आपण बाजारात नारळ घेतानासुद्धा कानाशी हलवून पाहतो. (आणि जाता जाता एक. घरी कुणी बी.पी.च्या किंवा साखरेच्या गोळ्या घेत असेल आणि कुणी "विश्वास असेल तर गोळ्या सोडा" म्हणालं, तर त्या माणसाला चहा न देता वाटेला लावा. येशूच्या शिष्यपरंपरेतला लूक हा स्वतः वैद्य होता.)

आता तुमचा खरा प्रश्न. वाट ओळखायची कशी?

कोकणात देवाला कौल लावतात. पाकळी उजवी पडली की हो, डावी पडली की नाही, मामला मिटला. आमच्यात कौल नाही, म्हणून तर आमची जास्त पंचाईत! काही जण मग पवित्र शास्त्रालाच कौल लावतात. डोळे मिटायचे, पुस्तक उघडायचं, बोट पडेल ती ओळ म्हणजे देवाचा हुकूम. माझ्या एका दूरच्या मावशीला याची सवय होती. मला ते कधीच पटलं नाही. ते पुस्तक सबंध वाचायचं आहे, त्यात बोट घालून चिठ्ठी उचलायची नाही. स्तोत्रांमध्ये देवाच्या वचनाला पावलांपुढच्या दिव्याची उपमा दिलीय, ती मला फार आवडते. तो दिवा काही मोटारीचा हेडलाइट नव्हता, बरं का. त्या काळचा मातीचा दिवा, तेलाचा. हातात धरून चाललं तर पुढचं पाऊल दिसेल, फार तर दोन. वळणापलीकडचं काही नाही. ज्यांना वळणापलीकडचं सगळं स्पष्ट दिसतं, पुण्यातलं भाड्याचं घरसुद्धा दिसतं, त्यांच्या दिव्याविषयी मला शंका येते.

शास्त्रातली रूथची गोष्ट आठवा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण ती सासू-सुनेची गोष्ट आहे आणि जगात फार थोड्या धर्मग्रंथांनी सासू-सुनेच्या प्रेमावर अख्खं पुस्तक खर्च केलं असेल. बेथलेहेमची नामी दुष्काळामुळे नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात जाते. तिथे नवरा मरतो, मुलांची लग्नं होतात, मग दोन्ही मुलगेही मरतात. राहतात तीन विधवा. नामी गावी परत निघते तेव्हा धाकटी-थोरली दोघींना माहेरी जायला सांगते. एक जाते. रूथ जात नाही. परक्या मुलखात, परक्या लोकांत सासूबरोबर जाते. आणि नामीचं पाहा, गावच्या बायकांना ती स्पष्ट सांगते की मला आता त्या गोड नावाने हाक मारू नका, देवाने माझं आयुष्य कडू केलंय. एवढं बोलूनही ती देवाच्या गोष्टीतून बाहेर पडत नाही! तिला कुणी "विश्वास कमी पडतोय" असं म्हणत नाही.

आता गंमत अशी की या सबंध गोष्टीत रूथला एकदाही आकाशवाणी होत नाही. स्वप्न नाही, दर्शन नाही, देवदूत नाही. ती काय करते? सातूची कापणी चाललेली असते, ती शेतात सरवा वेचायला जाते. घरात दोन तोंडं, खायला काही नाही, आणि कापणी करताना मागे पडलेलं धान्य गरिबांनी, विधवांनी, परदेशी माणसांनी वेचावं असा नियमशास्त्रातच हक्क दिलेला. तो हक्क ती घेते. ते शेत निघतं बवाज नावाच्या भल्या माणसाचं, नात्यातल्याचं. पुढे त्यांचं लग्न होतं, आणि त्यांच्या वंशात दावीद राजा जन्मतो, रूथचा पणतू. पण सकाळी टोपली घेऊन निघताना तिला यातलं काय ठाऊक होतं? संध्याकाळच्या भाकरीपुरतंच.

माझी आजी अशीच. १९७२ चा दुष्काळ आमच्या नगर जिल्ह्याने फार भोगला. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने गेली. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुलांना सुकडी मिळायची, तिची चव आईच्या जिभेवर अजून आहे. आजीला मी मोठेपणी विचारलं होतं, "तू तेव्हा देवाकडे काय मागायचीस? पाऊस?" ती म्हणाली, "पाऊस त्याला ठाऊक. मी म्हणायची, आज हात चालू दे." बस्स. एवढीच प्रार्थना. मग पहाटे उठून पाण्याच्या रांगेत.

पण तुम्ही म्हणाल, या साध्या माणसांच्या गोष्टी झाल्या. शिकल्यासवरल्या, विचार करणाऱ्या बाईने काय करायचं? जिला प्रश्न पडतात तिने? तर मराठीत अशा दोन बायका होऊन गेल्या. दोघीही ख्रिस्ती झाल्या, दोघीही शंकेखोर होत्या, आणि दोघींनीही दुसऱ्याच्या सांगण्याला देवाचं सांगणं मानायचं साफ नाकारलं.

पहिल्या पंडिता रमाबाई. त्यांची हकिगत तुम्हाला पाठ्यपुस्तकातून थोडीबहुत ठाऊक असेल. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देश हिंडल्या, कलकत्त्याला 'पंडिता' आणि 'सरस्वती' झाल्या. मग भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, सव्वा वर्षात तेही गेले. पदरात मनोरमा, अगदी तान्ही. तेव्हा रमाबाईंचं वय तेवीस. या वयात आपण काय करत होतो ते जरा आठवून पाहा.

त्या पुण्याला आल्या, १८८२ साली आर्य महिला समाज काढला, दुसऱ्या वर्षी इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची मला जास्त मोलाची वाटते. ज्या जोगिणींनी त्यांना आश्रय दिला, शिकवलं, त्यांची अपेक्षा होती की रमाबाईंनी आता चर्च सांगेल ते मुकाट्याने मानावं. रमाबाईंनी मानलं नाही. चर्चची शिकवण त्या एकेक कलम घेऊन तपासत, पटलं नाही की तसं लिहून कळवत. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, आपली संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते योग्य नव्हे असं कळवलं. रमाबाई चिडल्या. हिंदुस्थानात भरल्या सभांतून पुरुषांपुढे व्याख्यानं दिलेली बाई ती! एका धर्मातल्या शास्त्र्यांच्या धाकातून सुटून दुसऱ्या धर्मातल्या शास्त्र्यांच्या धाकाखाली जायला त्या तयार नव्हत्या. ही सारी पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने छापली गेली. ती वाचताना आपली मान ताठ होते. आणि त्या जोगिणींविषयीही राग येत नाही, कारण त्यांची माया खरी होती. मायेची माणसंच कधीकधी आपल्या वतीने देवाशी बोलू लागतात, नाही का?

ताई, पाहा. ज्या बाईने आयुष्य देवाच्या स्वाधीन केलं, तिने शंका विचारणं कधी सोडलं नाही. दोन्ही एका मनात राहिलं.

मग रमाबाईंना वाट दिसली कशी? टप्प्याटप्प्याने. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, वर्षभराने ते पुण्याला हललं. १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना बाटवण्याचा डाव आहे, असा बोभाटा झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाजूला झाले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. आज दोन्ही बाजू वाचल्या तर पालकांची भीतीही समजते. धर्मात ढवळाढवळ करणार नाही या बोलीवर त्यांनी मुली ठेवल्या होत्या. पण आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून स्वतःची प्रार्थना करायचीच नाही, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. काम अर्धं झालं. त्या थांबल्या नाहीत.

अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांपुरती होती. ती संपल्यावर काय, म्हणून रमाबाईंनी पुण्यापलीकडे केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. फळझाडं लावायची, त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा अगदी गृहिणीचा हिशेब. विहीर खणली, झाडं लावली. आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. स्वतःचे आईबाप दुष्काळात गेलेले पाहिलेली ही बाई तिकडे धावली आणि सुमारे तीनशे मुलीबायका घेऊन आली. पुण्यात नेमका तेव्हाच प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारी मनाई. जायचं कुठे? केडगावला. जमीन होती, पाणी होतं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं, ते आजही आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं.

जमीन घेतली तेव्हा तीनशे मुलींचा विचार डोक्यात नव्हता, पेरू-आंब्याचा होता. मागे वळून पाहिल्यावर रमाबाईंना त्यात देवाचा हात दिसला. पुढे पाहताना दिसला होता तो फक्त दहा वर्षांच्या मुदतीचा हिशेब, आणि तो त्यांनी नीट केला. म्हणून मला असं वाटतं की ज्या 'मार्गदर्शना'त हिशेबाला जागाच नसते, "पुढचं प्रभू पाहून घेईल" म्हणून वही मिटवली जाते, ते रमाबाईंच्या देवाचं नसावं.

आणि देवावर भरवसा ठेवला म्हणून सगळं गोड होतं, असंही नाही. मनोरमाबाई, जिच्यावर केडगावचा भार टाकायचा तीच लेक, १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाई त्या वेळी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यांच्याच छापखान्यात मुक्ती सदनातल्या बायका खिळे जुळवायच्या. लेकीच्या दुःखातही ते काम त्यांनी तडीस नेलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. का दिलंस देवा, असं त्यांनी विचारलं असेलच. येशूनेसुद्धा गेथशेमाने बागेत, हा प्याला टळेल तर टाळ, अशी विनवणी केली होती. टळला नाही. ही गोष्ट आम्ही दर वर्षी शुभ शुक्रवारी वाचतो, आणि तरी कुणाच्या घरी दुःख आलं की "विश्वास कमी पडला" म्हणतो. कमालच आहे आमची!

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. या मला जास्त जवळच्या, एक तर नगरच्या म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्यांच्यापुढचा पेच तुमच्या पेचासारखा, घरातला, नवऱ्याच्या बाजूने आलेला.

लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८. वडिलांना सोवळ्याओवळ्याचं वेडच होतं म्हणा ना. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. ते आपल्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. मोठे कवी, मनाने लोण्यासारखे, आणि संसाराच्या दृष्टीने म्हणाल तर आनंदच. पैसा हातात टिकायचा नाही, आज इथे तर उद्या तिथे. १८९३ साली आगगाडीतून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. (मी आठवड्यातून चारदा पेण-रोहा गाडीने जाते. कासू गेलं की डुलकी लागते आणि नागोठण्याला कुणाची तरी टोपली पायावर येते. आयुष्य बदलणारा सहप्रवासी काही अजून भेटलेला नाही.) टिळकांनी ते पुस्तक वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरात इकडे आमच्या पेण तालुक्यात, गागोद्याला, विनोबा जन्मले. पुढे त्यांनीही नवा करार मन लावून वाचला आणि 'ख्रिस्तधर्मसार' संकलित केलं, हिंदू राहूनच. एकाच पुस्तकाने दोघांना दोन वाटांनी नेलं.

लक्ष्मीबाईंचं मात्र आभाळ फाटलं. नवरा जिवंत आणि नवरा गेला, अशी अवस्था. लोक काय काय बोलले असतील याची कल्पना करा. त्या काळचा धर्म सांगत होता की नवरा जाईल तिकडे बायकोने जावं, आणि त्याच तोंडाने सांगत होता की बाटलेल्या नवऱ्याचं तोंड पाहू नये. दोन्हीकडून "देवाचंच" सांगणं! लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे मुलाला घेऊन नगरला टिळकांकडे आल्या, तरी आपला धर्म, आपलं सोवळं त्यांनी सोडलं नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून मी ख्रिस्ती, असं त्यांनी केलं नाही. आणि टिळकांचं मोठेपण असं की त्यांनी तशी बळजबरी केली नाही.

मग बदल झाला तो कसा? दर्शनाने नाही. विचाराने. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत राहिला. देवाने केल्या असत्या तर माणसांच्या जन्मात, शरीरात काही तरी खूण ठेवली असती, जशी पशुपक्ष्यांत ठेवलीय. तशी तर काही दिसत नाही. हा विचार शेवटाला गेला आणि एके दिवशी त्यांनी ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला मला हरकत नाही. वडिलांच्या घरच्या त्या सोवळ्यातून आलेली बाई! मला तर हा बाप्तिस्म्याहून मोठा दिवस वाटतो. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, टिळकांनंतर पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांत त्यांना "तुझा विश्वास कमी" म्हणणारे दोन्ही धर्मांत भेटले असणार. त्यांनी स्वतःचा वेळ घेतला. देवानेही काही घाई केलेली दिसत नाही.

आणि त्यानंतर तरी संसार सुरळीत झाला म्हणता? १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. देवाने त्यांना बोलावलं होतं, यात मला शंका नाही. पण घर चालवायला कुणाला बोलावलं होतं? ९ मे १९१९ ला टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य जेमतेम सुरुवातीचे काही अध्याय होऊन राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईने पुढचे बहुतेक सगळे अध्याय स्वतः लिहून ते पुरं केलं. तेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांचं 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचलं नसेल तर कुठल्याही जुन्या वाचनालयात मिळेल, पेणला आहे, रोह्यालाही मिळावं. ताई, तुम्ही तर आवर्जून वाचा, आणि शक्य झालं तर रात्री जेवणं झाल्यावर यजमानांना दोन-दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा. फार हसवणारं पुस्तक आहे, आणि तुमच्या घरात सध्या हसण्याची टंचाई दिसतेय. मुलीला मात्र त्या वेळी दुसऱ्या खोलीत अभ्यासाला बसवा. ती ऐकत बसली तर बीजगणित राहील.